उतारावरचं बुखाचं झाड

कराड
२८ सप्टेंबर २००७

चि. ऊर्मिलास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर पत्ता लिहिताना सवयीने 'चि. सौ.' लिहून गेलो. ते पाकीट बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. सासऱ्याने सुनेला लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशी व्हावी, यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. म्हणून कामाचंच लिहितो.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रडू आवरत बोलतेस. त्यापेक्षा पत्र बरं. प्रताप गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी गेला. मला येता आलं नाही. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी विमानाला बंदी घातली आहे, हे तुला माहीत आहेच. मुलाच्या शेवटाला बाप हजर नव्हता. त्याचा बोल मी तुला लावत नाही.

मागणं एकच आहे. त्याच्या अस्थी इकडे पाठव. मनोरमा गेली तेव्हा तो तिकडून धावत आला होता, तुला आठवत असेल. प्रीतिसंगमावर गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने आईच्या अस्थी स्वतःच्या हाताने सोडल्या. मी पायरीवर बसलो होतो. कृष्णा-कोयनेचं तेच पाणी त्यालाही मिळावं, एवढंच मनात आहे.

तू म्हणालीस, कागदपत्रं आहेत, वेळ लागेल. कसली कागदपत्रं ते कळव. पाटबंधारे खात्यात माझा जन्म गेला, कागद मला कळतात.

चि. स्पृहाला आशीर्वाद.

नाना


हेर्त्सोगेनआउराख
२१ ऑक्टोबर २००७

ती. नानांना सा. नमस्कार.

पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला बसत होते आणि उठत होते.

नाना, इथे अस्थी घरच्यांच्या हातात देत नाहीत. दहनानंतर कलश सीलबंद होतो आणि बेश्टाटर, म्हणजे अंत्यसंस्कारांचं सगळं बघणारा माणूस, तो परस्पर दफनभूमीत पोचवतो. कायदाच तसा आहे. बाकीचं सावकाश कळवीन. मला थोडा वेळ द्या.

मी ऑफिसला जायला लागले. सकाळी एर्लांगेनची बस, संध्याकाळी परतीची बस. घरी आल्यावर कोट काढायचंही जिवावर येतं, तशीच खुर्चीत बसून राहते. स्पृहा जवळ येऊन विचारते, "आई, हास्ट डू गेगेसन?" मी जेवले का, असं विचारते. मराठीत विचार म्हटलं की तेच पुन्हा जर्मनमध्ये. बाबाशी तरी दोन वाक्यं मराठीत बोलायची.

रविवारी आम्ही दोघी जंगलात जातो. गाडीने तासभर लागतो. द्राक्षांचे मळे संपले की टेकडी सुरू होते आणि तिच्या उतारावर बुखाची झाडं आहेत. जर्मन लोक ज्याला बूख म्हणतात ते झाड तुम्ही पाहिलेलं नाही. खोड राखाडी आणि गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं. आता पानं तांब्याच्या रंगाची झाली आहेत. यंदा बियांचा नुसता खच पडलाय, चालताना पायाखाली कडकड वाजतात. बदामी रंगाचा आणि पंखावर निळी पट्टी असलेला एक पक्षी ओकच्या बिया चोचीत धरून येतो, जमिनीत खुपसतो, वर पान ओढून ठेवतो आणि उडून जातो. थंडीतली बेगमी.

तिथे बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही. तेवढंच बरं वाटतं.

तब्येत सांभाळा. मधूला सांगून गोळ्या वेळेवर आणून घ्या.

तुमची
ऊर्मिला


कराड
१८ नोव्हेंबर २००७

चि. ऊर्मिलास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत दार बंद ठेवलं होतं. माझा पुतण्या मधू सकाळी डबा देऊन गेला. लहान भावाच्या मुलाने आपल्यासाठी इतकं करावं आणि स्वतःचा मुलगा नसावा, असा विचार आला आणि मग त्या विचाराची लाज वाटली.

तुम्ही मायलेकी रविवारी हिंडायला जाता हे वाचून बरं वाटलं. इथल्या बायका काही म्हणतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. मन रमवायला काहीतरी हवंच. फक्त एखादा रविवार सोडून एक दिवस रजा काढ आणि अस्थींचं काम कर.

त्याची वाट मी शोधली आहे. माझ्याबरोबर कोयनेला होते त्या साहेबांचा मुलगा म्युनिकला आपल्या वकिलातीत कामाला आहे. त्याच्याशी मधूने फोनवर बोलून घेतलं. तो म्हणाला, घरच्यांच्या हातात देत नाहीत हे खरं, पण बायकोने अर्ज केला तर वकिलात पत्र देते आणि कलश भारतात पाठवता येतो. दरवर्षी कितीतरी जातात. काम आठवड्याचं आहे म्हणाला.

हे तुला तिथे कुणी सांगितलं नसणार. परक्या देशात एकट्या बाईला कोण सांगतो. त्याचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. फोन कर, तो सगळं करून देईल. फाल्गुनाच्या आत आलं तर नदीला पाणी बरं असतं.

नाना


हेर्त्सोगेनआउराख
९ डिसेंबर २००७

ती. नानांना सा. नमस्कार.

तुमच्या चिठ्ठीवरच्या नंबराला फोन केला नाही. मला ते ठाऊक होतं, नाना. वकिलात पत्र देते हे मला बेश्टाटरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तुमचं पहिलं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा कलश जमिनीत जाऊन आठवडा झाला होता.

जंगलाचं लिहिलं होतं ना, तेच ते जंगल. इथे फ्रीडवाल्ड म्हणतात. झाडाच्या मुळांशी खड्डा करून कलश ठेवतात. तो मातीत विरून जातो. दगड नाही, फुलं वाहायची नाहीत, दिवा लावायचा नाही. खोडावर बोटभर पट्टी आणि तिच्यावर नाव. आम्ही हिंडायला जात नाही, नाना. प्रतापकडे जातो.

झाड त्याने स्वतः निवडलं. मे महिन्यात, दोन केमोंच्या मध्ये, जरा चालता येत होतं तेव्हा. उतारावर थोडं चढून गेला आणि एका बुखाला पाठ लावून बसला. नवी पानं आली होती, इतकी पातळ की ऊन आरपार येत होतं. म्हणाला, "मला इथे बरं वाटतं." मला वाटलं दमलाय, म्हणून म्हणतोय. मग म्हणाला, "नंतरसुद्धा इथेच."

मी विचारलं, "आणि नानांना काय सांगायचं?"

"मी सांगतो."

"कधी?"

"जरा बरं वाटू दे."

मी जूनमध्ये पुन्हा विचारलं. जुलैतही विचारलं. दर रविवारी तुमचा फोन यायचा, तुम्ही औषधांचं विचारायचात, पावसाचं सांगायचात. फोन ठेवला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला बरं वाटलंच नाही.

मग ते माझ्यावर आलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमचं मोडायचं की त्याचं, हे मला ठरवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. कागदपत्रांचं सांगत राहिले. तुम्ही मला बिचारी समजून वाट शोधून दिलीत, ते वाचल्यापासून झोप लागत नाही.

तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा. पण उत्तर लिहा.

ऊर्मिला


हेर्त्सोगेनआउराख
२७ जानेवारी २००८

ती. नानांना सा. नमस्कार.

तुमचं पत्र नाही. मधू फोनवर म्हणाला की तब्येत ठीक आहे, पण तुम्ही फोनवर यायला नाही म्हणता. ठीक आहे.

आज रस्त्यावर बर्फ होतं तरी गेलो. झाडं पूर्ण उघडी आहेत. जंगलात काहीच नसेल असं वाटलं होतं, पण खाली जमिनीवर हजारो लहान पक्षी होते, नारिंगी छातीचे. थंडीला कंटाळून स्वीडन-नॉर्वेकडून येतात आणि बर्फ उकरून बुखाच्या बिया खातात. आम्ही जवळ गेलो तशी सगळी जमीनच उठल्यासारखी उठली. स्पृहा घाबरून मला चिकटली. बऱ्याच दिवसांनी.

एवढंच.

ऊर्मिला


हेर्त्सोगेनआउराख
४ मार्च २००८

ती. नानांना सा. नमस्कार.

नाना, झाड मोडलं.

शनिवारी इथे मोठं वादळ झालं. आमच्या समोरच्या घराची कौलं उडाली, ट्रेन बंद झाल्या. सोमवारी ऑफिसात फोन आला. त्या जंगलाच्या वनाधिकारी बाई आहेत, फ्राऊ ड्रेक्सलर. "फ्राऊ करंबेळकर, आधी खाली बसा," म्हणाल्या. ज्या बाईचा नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला तिला असं सांगितलं की छातीत काय होतं ते त्यांना कळलं असावं, कारण पुढचं वाक्य घाईने म्हणाल्या, "मुलीचं काही नाही. झाडाचं आहे."

लगेच अर्धी रजा घेऊन गेले. पुरुषभर उंचीवर खोड तुटलंय, वरचं सगळं उतारावर आडवं. आत मधोमध भुसा झाला होता. कसलीशी बुरशी बरीच वर्षं आतून खात होती म्हणे. मी विचारलं, मग निवडताना कुणी कसं सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, बाहेरून काही दिसत नव्हतं. दर वर्षी आम्ही प्रत्येक झाड तपासतो, यालाही हातोडीने ठोकून पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी त्यांनाच समजावलं.

त्याच्या नावाची पट्टी खोडाच्या उरलेल्या भागावर आहे.

तुम्हाला का लिहितेय माहीत नाही. तुम्ही उत्तर देणार नाही असं धरून लिहितेय. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं? स्पृहाला अजून सांगितलं नाही. मी तिला म्हटलं होतं, बाबा आता झाडात आहे.

ऊर्मिला


कराड
२४ मार्च २००८

चि. ऊर्मिलास आशीर्वाद.

तिन्ही पत्रं मिळाली. डिसेंबरचं पत्र वाचून आधी तुझा राग आला. मग प्रतापचा आला. बापाला एक गोष्ट सांगायला तो बरं वाटायची वाट पाहत बसला. मी असा कोण वाघ होतो? त्याला कधी हात लावला नव्हता. पण मी नाही म्हणालो असतो हे तुझं खरं आहे, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. म्हणून राग धरून ठेवायलाही जागा उरली नाही, नुसता थकवा आला. पत्र लिहायला घ्यायचो आणि पेन बंद करायचो.

झाड मोडल्याचं वाचून क्षणभर मला बरं वाटलं. हे लिहावं की नाही याचा विचार केला. तू सगळं लिहिलंस, तेव्हा मीही लिहितो. ते बरं वाटणं चहा निवेपर्यंतही टिकलं नाही. मग दिवसभर त्या आडव्या झाडाचंच डोक्यात होतं.

आता माझ्या बाजूचं. आपल्याकडे देह सापडला नाही की पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला मंत्राग्नी द्यायचा. त्याची रक्षा मग नदीत सोडता येते. गुरुजी म्हणाले, अस्थी हाती येत नाहीत तर हा मार्ग आहे. होळीच्या आधी मधूला घेऊन पाटण रस्त्याला पळस बघायला गेलो. सबंध माळ लाल झाला होता, आणि झाडावर पान एक नाही. या दिवसांत पळसाला पान नसतं हे मला, जन्मभर रानातून कालवे काढत हिंडलेल्या माणसाला, आठवलं नाही. फुलांवर मैना भांडत होत्या. मधू म्हणाला, "नाना, बाजारात वाळक्या पत्रावळी मिळतात." मी नको म्हटलं. पान आलं की करीन.

तुला हे आवडणार नाही. कळावं म्हणून लिहिलं.

त्या झाडाखाली आता काय स्थिती आहे? कलशाला काही झालं का? ते कळव.

नाना


हेर्त्सोगेनआउराख
२७ एप्रिल २००८

ती. नानांना सा. नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर बघून मी जिन्यातच बसले.

कलशाला काही झालेलं नाही. झाड उन्मळलं नाही, वर तुटलं. मुळं जागच्या जागी आहेत.

पालाशविधीचं वाचून वाईट वाटलं, हे लपवत नाही. सापडला नाही असं म्हणायचं त्याच्याबद्दल. पण तुम्हाला त्याने शांत वाटणार असेल तर करा.

फ्राऊ ड्रेक्सलर विचारत आहेत की पुढे काय करायचं. तीन गोष्टी करता येतात. त्या जागी दुसरं झाड लावायचं. लावणी पानगळीनंतर, म्हणून तोवर ठरवलं तरी चालेल. किंवा शेजारच्या उभ्या झाडावर पट्टी हलवायची. किंवा काहीच करायचं नाही, आपोआप जे येईल ते येऊ द्यायचं. मागच्या वेळी तुम्हाला न विचारता झालं. या वेळी तुम्ही ठरवा, नाना. मी काही सुचवणार नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

जंगलात आता फुलं आहेत. झाडांना पानं फुटायच्या आधी ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तेवढ्या दिवसांत पांढरी फुलं उमलून घेतात. बुश्विंडऱ्योसखेन असं त्यांचं लांबलचक नाव आहे. सगळा उतार पांढरा झालाय. पानं आली की सावली होते आणि ही दिसेनाशी होतात. आमच्या जागी मात्र वर आभाळ मोकळं झालंय, तिथे ती जास्त दिवस राहतील असं त्या म्हणाल्या. काळा आमझेल, पिवळ्या चोचीचा, मोडक्या खोडावर बसून गातो, अगदी पट्टीच्या वर बसून. आणि आज कुक्कू ऐकला. घड्याळातला ओरडतो तसाच ओरडतो.

स्पृहाला झाडाचं सांगितलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, "आल्झो, मग बाबा आता कुठे?"

तुमची
ऊर्मिला


कराड
२५ मे २००८

चि. ऊर्मिलास अनेक आशीर्वाद.

पळसाला पानं आली. अक्षय्य तृतीया झाल्यावर मधूने तोडून आणली, हाताएवढी, हिरवीगार. गुरुजी आले, संगमावर सगळी मांडामांड झाली, पुतळा बांधून झाला. संकल्पाला बसलो. गुरुजींच्या मागून म्हणायचं होतं की माझ्या मुलाचा देह लाभला नाही, तो कुठे आहे हे ज्ञात नाही.

माझ्या तोंडून ते येईना.

गुरुजींना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. मी म्हणालो, "गुरुजी, तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे." ते म्हणाले, "कुठे?" मी सांगायला लागलो. द्राक्षांचे मळे संपले की टेकडी आहे. उतारावर राखाडी खोडांची झाडं. त्यातलं एक वादळात मोडलंय, त्याच्या मुळाशी. तिथे सध्या पांढरी फुलं आहेत. हे सगळं मी कधी पाहिलं नाही, तरी घडाघडा सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मग हा विधी नाही करता येणार, नाना. खोटा संकल्प होईल." पानं नदीच्या काठाला ठेवून आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर रडलो. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तू ठरवायला सांगितलंस त्याचं. न बघता ठरवायचं म्हणजे मला माहिती हवी. उताराचं तोंड कोणत्या दिशेला आहे? पावसाचं पाणी तिथे साचतं की वाहून जातं? माती काळी की चिकण? मोकळ्या झालेल्या जागेत ऊन किती वेळ येतं? आणि तिथे आपोआप काय उगवतंय? महिन्या-दोन महिन्यांनी बघून लिही. घाई नाही.

स्पृहाला सांग, बाबा होता तिथेच आहे. झाड फक्त खूण होती.

नाना


हेर्त्सोगेनआउराख
७ सप्टेंबर २००८

ती. नानांना सा. नमस्कार.

वर्ष झालं. वर्षश्राद्धाचं मधूने कळवलं. तुम्ही उन्हात फार वेळ बसलात असंही कळवलं.

तुम्ही विचारलेलं सगळं बघितलं. उतार पूर्वेला आहे. पाणी साचत नाही. वर एक हात काळी भुसभुशीत माती, पानं कुजून झालेली, खाली चिकण. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत येतं, पूर्वी अजिबात येत नव्हतं.

आणि उगवतंय ते असं. मेमध्ये जमिनीतून जाड, पंख्यासारखी जोडपानं वर आली. मला ती कसलीतरी भाजी वाटली. फ्राऊ ड्रेक्सलर गुडघ्यावर बसून म्हणाल्या, ही बुखाची रोपं आहेत. मागच्या शरदात पडलेल्या बिया, पक्ष्यांनी खाऊन उरलेल्या. मूठभर जागेत दहा-बारा. जूनमध्ये उंदरांनी बरीच फस्त केली. जुलैत पाऊस नव्हता, काही वाळली. हरणांनी शेंडे खाल्ले. आता जी उरली आहेत ती माझ्या करंगळीएवढी, चार-पाच पानांची. मोडक्या खोडावर काळा सुतारपक्षी येतो, कावळ्याएवढा, लाल टोपीचा. बुरशीतले किडे काढायला ठोकत बसतो. त्या खोडाची अर्धी साल गेली. पट्टी अजून आहे.

इथे आमच्या घराच्या वळचणीतले पाकोळीसारखे पक्षी ऑगस्ट लागताच निघून गेले. एका सकाळी आवाज बंद. उन्हाळा संपायच्या आधीच जातात.

स्पृहा जूनपासून येत नाही. "इश माग निष्ट मेअर," म्हणाली. तिला आता नको वाटतं. मी जबरदस्ती केली नाही. मी एकटी जाते. एकही रविवार चुकवला नाही. मागच्या महिन्यात खोडाला टेकून बसले तर झोपच लागली. एका म्हाताऱ्या जोडप्याने खांद्याला हलवून जागं केलं, त्यांना वाटलं मला काही झालंय. परत येताना गाडी मध्येच थांबवून पुन्हा झोपले. गंमतच.

परत भारतात यायचं का, असं मधू विचारत होता. स्पृहाची शाळा, माझी नोकरी इथेच आहे. सध्या उत्तर नाही. तुम्ही रागावू नका.

तुमच्या निर्णयाची वाट बघते.

ऊर्मिला


कराड
१२ ऑक्टोबर २००८

चि. ऊर्मिलास अनेक आशीर्वाद.

पत्र बऱ्याचदा वाचलं. दसऱ्याच्या दिवशी मधूला समोर बसवून त्यालाही वाचून दाखवलं.

माझा निर्णय असा. काही लावू नका. आणून लावलेलं झाड जगवायची कुणावर तरी जबाबदारी येते, आणि ती तुझ्यावर येईल. पट्टीही दुसऱ्या झाडावर हलवू नका. खोडाबरोबर ती जेव्हा पडेल तेव्हा पडू दे. उंदीर, हरणं, पाऊस यातून जे रोप वाचेल ते वाचेल. त्यातलं हेच आपलं असं ठरवू नकोस आणि मोजत बसू नकोस. तो त्या मातीत आहे, तिथे जे येईल ते त्याचंच.

अस्थींचं मी यापुढे काढणार नाही. माझ्या मनाला पूर्ण पटलंय असं नाही. संगमावर गेलो की अजूनही वाटतं. पण ते वाटणं माझं आहे, त्यासाठी तुला काही करायचं नाही.

इथे येण्याबद्दल मधूने विचारायला नको होतं. तू तिथे राहा.

आता दुसरं. तू झोपेबद्दल 'गंमतच' असं लिहिलंस. मला त्यात गंमत दिसली नाही. गाडी चालवताना झोप येते म्हणजे काय, हे मी कोयनेच्या घाटात पाहिलेलं आहे. मनोरमा आजारी असताना मी वर्षभर असाच राबलो होतो. ती गेल्यावरही रोज त्याच वेळेला औषधाच्या दुकानात जायचो. दुकानदाराने एक दिवस हात धरून बाकावर बसवलं.

तू आधी त्याच्यासाठी जात होतीस. माझ्याशी बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिथलं लिहीत होतीस. मग मीच प्रश्न विचारून तुला कामाला लावलं. आता निर्णय झाला आहे, मला काही कळायचं राहिलेलं नाही.

हे पत्र मिळेल त्या रविवारी जाऊ नकोस. घरी झोप. थंडी पडली असेल, पोरीला जवळ घे. तो कुठे जात नाही.

नाना


हेर्त्सोगेनआउराख
२७ ऑक्टोबर २००८

ती. नानांना सा. नमस्कार.

पत्र शनिवारी मिळालं. फ्राऊ ड्रेक्सलरना फोन करून तुमचा निर्णय सांगितला. "गेनाऊ," म्हणाल्या, अगदी बरोबर. मग म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार कळवा.

रविवारी सकाळी सवयीने जाग आली. बूट घालायला बसले, आणि मग काढून ठेवले. स्पृहाच्या खोलीत गेले. ती झोपेतच सरकली आणि जागा करून दिली. दुपार होईपर्यंत झोपले. उठले तेव्हा तिने भात लावला होता, थोडा करपला होता. आम्ही तोच दह्याबरोबर खाल्ला. दिवसभर पाऊस होता, आम्ही बाहेर पडलो नाही.

जंगलात काल काय होतं, ते मला माहीत नाही.

तुमची
ऊर्मिला